सत्ताविसाव्या बाटलीतला उजेड

१

दिवा लागला आणि काहीही झालं नाही.

खोलीचे पडदे ओढलेले होते. टेबलावर काळा कागद, कागदावर चिमूटभर पावडर आणि तिच्यावर धरलेला यूव्ही दिवा. आम्ही सगळे बोजड गॉगल लावून त्या पावडरीकडे डोळे फाडून बघत होतो. ती लालबुंद उजळायला हवी होती. दिव्यात दोष नव्हता, कारण माझ्या पांढऱ्या ओढणीची कड झकास निळी चमकत होती. पावडर मात्र चुन्यासारखी गप्प पडून होती.

"रंगही जरा राखाडी आहे," बंगळुरूहून आलेल्या डॉक्टर संयुक्ता म्हणाल्या. चौकशी समितीच्या त्या प्रमुख. "आतला कोळसा पुरता जळलेला दिसत नाही. ही पावडर कधी उजळत होती, असं तुमचं म्हणणं आहे?"

सौम्यानं दिवा पावडरीच्या आणखी जवळ नेला. पाच वर्षं खपून या मुलीनं हे सूक्ष्म पोकळ गोळे केले होते. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके लहान, आतून रिकामे, आणि कवचात युरोपियम नावाचं दुर्मीळ मूलद्रव्य मिसळलेलं. सव्वीस वेळा फसल्यावर सत्ताविसाव्या खेपेला ते साधले. पुढे आठवड्याभरातच लॅबची जुनी भट्टी जळून बंद पडली. नव्या भट्टीत एकही गोळा धड निघेना. तेव्हा सत्ताविसाव्या खेपेची ती बोटभर काचेची बाटली, एवढाच काय तो पुरावा जगात उरला होता.

"कधी उजळत होती का, हाच तर प्रश्न आहे," अद्वय म्हणाला. हा तिच्याच लॅबमधला दुसरा विद्यार्थी. कपाळावर विभूतीचे पुसट पट्टे आणि जिभेवर कायम लिंबू. तिची कृती त्यानं नव्या भट्टीत पुन्हा पुन्हा करून पाहिली होती आणि हाती नुसते तुकडे आले होते. भर सेमिनारमध्ये त्यानं तसं सांगितलं, कोणीतरी संचालकांना कळवलं आणि चौकशी लागली.

सौम्याचे मार्गदर्शक विजयेंद्र सर भिंतीला टेकून उभे होते. कपाळावर गोपीचंदनाची उभी रेघ, मध्ये अंगाऱ्याची काळी रेघ आणि खाली उतरलेला चेहरा. ते एवढंच म्हणाले, "मी स्वतः बघितलं आहे. लाल होती."

"उद्या दुपारच्या विमानानं मी जाणार," डॉक्टर संयुक्ता म्हणाल्या. "तोपर्यंत खुलासा मिळाला नाही, तर मोजमापं बनावट होती असं मला लिहावं लागेल. मग पीएचडीची नोंदणी रद्द होईल. माझा नाइलाज आहे."

मी अलकनंदा, या संस्थेची उपकुलसचिव. मूळची सोलापूरची. चेन्नईत केस पिकले तरी माझं तमिळ अजून भाजीवालीपुरतंच आहे. विज्ञानातलं मला ओ की ठो कळत नाही. पण खोटं बोलणारी माणसं मी नोकरीभर पाहिली आहेत, आणि त्या मुलीचा चेहरा तसा नव्हता. मी बाहेर आले आणि सईबाईंना फोन लावला.

२

सईबाई सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या. पेरुंगुडीत आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. घराणं तंजावरचं. त्यांचं मराठी ऐकलं की वाटतं, तीनशे वर्षांपूर्वी कोणी तरी डब्यात घालून ठेवलेलं आत्ता उघडलं. कुंकवाच्या वर विभूतीचा बारीक पट्टा, हातात डबा आणि पायांत बुटासारख्या चपला, अशा थाटात त्या शेअर ऑटोतून उतरल्या.

"काय गे अलकनंदा, त्या पोरीस कोणी जेवायला घातलें की नाही?"

कोणी घातलं नव्हतं. मग आधी दहीभात झाला. सौम्या वेलचेरीची, तीही तंजावरच्याच घरातली. पण तिचं मराठी घरापुरतं, बाकी सगळं तमिळ आणि इंग्रजी. चार घास पोटात गेल्यावर ती जरा माणसांत आली.

"मज शास्त्र सांगू नको," सईबाई म्हणाल्या. "कसें करतेस तें सांग."

"साखरेच्या पाण्यातून कोळशाचे बारीक गोळे करायचे, अक्का. त्याच्यावर इट्रियम आणि युरोपियमचा थर बसवायचा. मग भट्टीत भाजायचं. आतला कोळसा जळून धूर होऊन जातो आणि वरचं कवच तेवढं राहतं. पाणीपुरीच्या पुरीसारखं."

"आणि धूर घाईनें निघाला तर?"

"पुरी फुटते." सौम्या पहिल्यांदा हसली. "आमची जुनी भट्टी फार सावकाश होती. सकाळी लावली की घरी जायच्या वेळेला कुठे लाल व्हायची. लॅबमधले बालाजीराव तिला पाटी म्हणायचे. आजीबाई."

सईबाईंनी काळ्या कागदावरची पावडर बघायला मागितली. मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी ती चिमटीत धरून चोळली. मग त्यांचा हात कपाळाकडे निघाला आणि अर्ध्या वाटेत थांबला. त्यांनी बोटं रुमालाला पुसली आणि विषय बदलला.

"ही बाटली कुठें असते?"

"डेसिकेटरमध्ये. काचेचं भांडं असतं, ओल लागू नये म्हणून. वर कुलूप. नवरात्र सुरू झाल्यापासून तिथून हललीच नाही." हे ती फार भराभर बोलली.

सईबाईंनी बाटली उचलली. आडवी केली, उभी केली. टोपणावर काळ्या मार्करनं सत्तावीसचा आकडा होता. बाटलीच्या अंगावर काहीही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी चष्मा नाकावर खाली ओढला आणि टोपणाची कड उजेडात धरली. खाचेत काहीतरी पिवळं वाळलेलं होतं आणि त्यावर लाल कण होते.

"चंदन आणि कुंकू," त्या म्हणाल्या. "सौम्या, तुझ्या डेसिकेटरांत देव कधीं आला?"

३

सौम्यानं ओंजळीत तोंड लपवलं. रडताना ती तमिळमध्ये रडत होती, त्यामुळे अर्धं मला नंतर सईबाईंनी सांगितलं.

नवमीला इथे आयुधपूजा असते. घरात, कारखान्यात, रिक्षा स्टँडवर आणि संशोधन संस्थेतसुद्धा. यंत्रं पुसून त्यांना विभूती, चंदन, कुंकू लावतात. सरस्वतीपुढे पुस्तकं आणि हत्यारं मांडतात, आणि एकदा मांडली की विजयादशमीपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. पहिल्या वर्षी आमचे सगळे संगणक दोन दिवस बंद बघून मी आकाशपाताळ एक केलं होतं. आता माझ्या स्टेपलरलाही कुंकू असतं.

"आदल्या दिवशी संध्याकाळी मी बाटली ठेवली," सौम्या म्हणाली. "पुस्तकांच्या मागे, कोणाला दिसणार नाही अशी. चौकशी जवळ आली होती. मला भीती वाटली. दशमीला सकाळी जाऊन उचलली. टोपणावरचं चंदन पुसलं, आकडा दिसला, आणि परत कुलपात ठेवली. उघडली नाही."

"मग खोटें कां बोललीस?"

"काय सांगू समितीला? जगात एकच सँपल आहे आणि मी ते देवीपुढे ठेवून घरी गेले? त्या हसल्या असत्या. सर तर..." तिनं नाक पुसलं. "एक गोष्ट आठवते. उचलली तेव्हा बाटली जड वाटली. आधी रिकामी असल्यासारखी हलकी लागायची. मला वाटलं, देवीचा आशीर्वाद असेल."

मला भडभडून आलं. सईबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दाराशी आल्यावर माझ्या कानात म्हणाल्या, "आशीर्वादास वजन नसतें गे. ती बाटली बदलली. आणि बदलणारा त्या खोलींत होता."

४

अद्वयला बोलावलं तर तो आधीच चिडलेला आला.

"मीच केलं असं वाटतंय ना सगळ्यांना? मला तिच्याशी भांडण नाही. माझं भांडण त्या कृतीशी आहे. तिनं लिहिलं आहे त्याच वेगानं मी भट्टी तापवली. जेवायच्या सुटीच्या आत तापमान गाठलं आणि गोळ्यांचे तुकडे निघाले. एकदा नाही, दरवेळी. मग मी काय, छान झालं म्हणू?"

"नको म्हणू," सईबाई शांतपणे म्हणाल्या. "जें बघितलेंस तेंच बोललास, त्यांत चूक नाही. पूजेच्या आदल्या सांजेस तू तिथें होतास?"

"होतो. सगळ्या वस्तूंना चंदन-कुंकू मीच लावलं. पुस्तकं, स्क्रू ड्रायव्हर, ते मायक्रोमीटर. मागे बाटल्या होत्या, त्यांच्या टोपणांवरही ठसठशीत टिळे दिले."

"बाटल्या?"

"दोन. अगदी एकसारख्या. दोन्हींत पांढरी पावडर."

मी सईबाईंकडे पाहिलं. सौम्यानं तर एकच बाटली ठेवली होती.

"टोपणांवर कांही लिहिलेलें?"

"लक्ष नाही दिलं. टिळा दिल्यावर तसंही काही दिसलं नसतं." मग तो जरा घुटमळला. "मी चहाडी करत नाही. पण बालाजीरावांना विचारलंत का? यंत्रांना विभूती लावायचं काम दरवर्षी त्यांचं असतं. ते त्याच संध्याकाळी न सांगता गावाला निघून गेले. तेव्हापासून फोन बंद आहे."

बालाजीराव म्हणजे लॅबचे तांत्रिक सहायक. त्या लॅबमधल्या प्रत्येक कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असे. आणि नवी भट्टी पुरवणाऱ्या अंबत्तूरच्या कारखान्यात त्यांचा जावई नोकरीला असल्याचं मला ठाऊक होतं. हेच गोळे बाजारात आणायची त्या कारखान्याला घाई होती. मी लगेच त्यांचा नंबर फिरवला.

५

त्यांचा फोन लागेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. डॉक्टर संयुक्तांची बॅग माझ्या केबिनमध्ये येऊन पडली होती. मी फोन स्पीकरवर टाकला.

"मॅडम, आमचे चुलते वारले," बालाजीरावांचा आवाज बसलेला होता. "तंजावरला आलोय. कावेरीवर गेलेलो, फोन तसाच पिशवीत राहिला. लॅबात काय झालं?"

मी मनातल्या मनात माझं थोबाड रंगवलं. सईबाईंनी चार शब्द सांत्वनाचे बोलून मग हळूच विचारलं, "पूजेच्या जागेवर तुम्ही बाटली ठेवली होती का?"

"हो अम्मा, विभूतीची. वैद्यनाथाच्या देवळातली, चांगली चाळलेली. दुपारीच ठेवली. आमच्या लॅबात सगळं त्याच बाटल्यांत असतं. साखर त्याच्यात, सुपारी त्याच्यात. मग सांजेला घरून फोन आला आणि आम्हाला सुतक लागलं. सुतकात पूजेच्या वस्तूला हात कसा लावू? तसाच निघालो."

"मग यंत्रांना विभूती कोणी लावली?"

"लावली का?" बालाजीरावांनी उलट विचारलं. "आम्ही कोणालाच लावायला सांगितलं नाही, अम्मा. त्या घाईत सुचलंच नाही. रस्ताभर तीच चुटपुट होती, की यंदा पाटी बिनविभूतीची राहिली."

फोन ठेवून आम्ही थेट यंत्रांच्या खोलीत गेलो. विभूती लावलेली होती. नवमीच्या सकाळी लोक पूजेला जमले तेव्हा ती आधीच लागलेली होती, आणि बालाजीरावांनी लावली असणार म्हणून कोणी विचारलंही नव्हतं. मायक्रोस्कोपवर, पंपावर, नव्या भट्टीवर, आणि कोपऱ्यात चादर पांघरून ठेवलेल्या जुन्या भट्टीवरसुद्धा तीन-तीन आडवे पट्टे होते.

सईबाई प्रत्येक यंत्रापुढे वाकून बघत होत्या. मीही बघितलं. एक पट्टा जाड, दुसरा बारीक, तिसरा खाली घसरलेला.

"पोराच्या पाटीवरच्या रेघा वाटतात," मी म्हणाले.

"अय्यो, शाबास!" सईबाई ताठ झाल्या. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी लकाकलं, पण चेहरा हसरा नव्हता. "अलकनंदा, सगळ्यांस इथें बोलाव. तो दिवाही आण. आणि विजयेंद्र सरांस बसायला खुर्ची दे. त्यांस लागेल."

६

सगळे जमले. डॉक्टर संयुक्ता घड्याळ बघत होत्या.

"आधीं तुमच्या बाटलींत काय आहे तें सांगतें," सईबाई म्हणाल्या. "ती विभूती आहे. माझा हात ओळखतो. रोज सकाळीं चिमटींत धरतें ना. गोवरीची राख आहे, म्हणून तुम्हांस राखाडी दिसली."

"म्हणजे कोणीतरी बदलली," डॉक्टर संयुक्ता म्हणाल्या. "किंवा हिनंच."

"लबाडीनें बदलायची तर विभूती कोण भरील? लॅबभर पांढऱ्या पावडरी पडल्या आहेत. विभूती भरली गेली, कारण ती तिथेंच होती. पूजेंत दोन सारख्या बाटल्या होत्या, एक हिची आणि एक बालाजीरावांची. दोन्हींच्या टोपणांवर चंदन. हिनें आकडा टोपणावर लिहिला होता, काचेवर नाही. टोपण काय गे, ज्या बाटलीवर बसवाल तिचें होतें. नवमीच्या सकाळीं कोणीतरी विभूती लावायला आला. दोन बाटल्या बघितल्या, दोन्ही उघडल्या, दोन्हींत पांढरें. एक ताटांत उपडी केली. मग टोपणें लावलीं, जी हातास आली ती. भरली बाटली राहिली तिच्यावर सत्तावीसचें टोपण बसलें. रिकामी झाली ती सौम्याची होती."

सौम्यानं टेबलाची कड घट्ट धरली.

"कोण आला?" अद्वयनं विचारलं. "मी नव्हे."

"तू नव्हेस. विभूती लावणारा माणूस तीन बोटें भिजवतो आणि एकदांच ओढतो. तीन पट्टे एकत्र निघतात, सरळ. बालाजीराव तसेंच लावणार, तूही तसेंच लावणार. इथें बघ. एकेक पट्टा वेगळा ओढला आहे, एका बोटानें, जपून, जसें गोपीचंदन लावतात तसें. शिवाय रोज विभूती लावणाऱ्यास ती पावडर हातास येतांच कळलें असतें, कीं हिला वास नाही आणि वजनही नाही. ज्यानें लावली त्यानें जन्मांत विभूतीस हात लावला नव्हता."

खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा एकाच कपाळाकडे गेल्या. मला ते बघवेना. विजयेंद्र सर खुर्चीत बसले होते आणि स्वतःच्या उजव्या हाताच्या बोटाकडे बघत होते.

"मी सकाळी लवकर आलो होतो," ते म्हणाले. "बालाजीरावांचे चुलते वारले, ते गावाला गेले, असं वॉचमननं सांगितलं. वाटलं, इतक्या वर्षांची त्यांची रीत, त्यांच्या दुःखाच्या दिवशी मोडायला नको. आमच्या वैष्णव घरात विभूती नाही. आई म्हणाली असती, आता शैव झालास का. म्हणून कोणाला बोललो नाही." मग ते म्हणाले, "ती पाण्यात भिजतच नव्हती. सारखी वर येऊन तरंगत होती. मला वाटलं, विभूती अशीच असते. ताट धुतलं, बाटली विसळली. हे या पावडरीशी जोडायचं माझ्या डोक्यातच आलं नाही."

"पोकळ गोळे तरंगणारच," डॉक्टर संयुक्ता हळू आवाजात म्हणाल्या.

"सौम्या," सर उठून उभे राहिले.  "पाच वर्षं तू केलंस आणि मी ते एका सकाळीत विसळून टाकलं. मी तुझा गुरू. कोणत्या तोंडानं माफी मागू?"

सौम्या धावत जाऊन त्यांच्यापाशी उभी राहिली. आपण त्या बाटलीच्या काचेवर लिहिलं असतं तर, हे तिच्याही मनात आलं असणार. चोर सापडला असता तर बरं, असं मला त्या क्षणी वाटलं. निदान कोणावर तरी रागावता आलं असतं.

"रडायचें नंतर," सईबाईंचा आवाज आला. "विसळलें तें ताट. पट्टे कोणी विसळले? गॉगल लावा सगळे. अद्वय, पडदे ओढ."

७

खोलीत अंधार झाला. सईबाईंनी दिवा मायक्रोस्कोपवर धरला.

त्याच्या कपाळावर तीन लाल रेघा पेटल्या.

कोणीतरी "अय्यय्यो" म्हणालं. दिवा पुढे सरकला. पंपावर तीन, तराजूच्या पेटीवर तीन, नव्या भट्टीवर तीन. वेड्यावाकड्या, घसरलेल्या, पण निखाऱ्यासारख्या लाल. एकेक यंत्र अंधारातून पुढे येत होतं. शेवटी कोपऱ्यातली चादर अद्वयनं बाजूला केली आणि त्या जळालेल्या म्हाताऱ्या भट्टीवरही तोच उजेड होता, तिनंच भाजलेला. आता रडायची पाळी माझी होती आणि मी ती सोडली नाही.

डॉक्टर संयुक्तांनी विमान सोडलं. त्यांनी स्वतः पट्ट्यांमधून पावडर खरवडून घेतली, पाण्यानं धुतली आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली धरली. पडद्यावर गोळेच गोळे दिसले. सरांच्या बोटाखाली काही चिरडले होते आणि नेमकं तेच कामाला आलं. फुटलेल्या कवचातून आतली पोकळी स्पष्ट दिसत होती. उजेडाचं मोजमाप केलं तर सौम्यानं पूर्वी नोंदवलं होतं तसंच तंतोतंत निघालं.

"मग माझ्या भट्टीत का फुटतात?" अद्वयनं विचारलं. आता त्या प्रश्नात लिंबू नव्हतं.

सईबाईंनी डबा पिशवीत घातला. "सौम्या काल म्हणाली, म्हातारी घरीं जायच्या वेळेस लाल व्हायची. तू म्हणालास, तुझी जेवायच्या आधींच पोचते. कागदावर वेग एकच. कागदावर तर भट्टीस जें सांगितलें तें लिहिलें आहे. म्हातारी तेवढी पळत होती का?"

अद्वय आणि सौम्या एकमेकांकडे बघत राहिले. जुन्या भट्टीला सांगितलेला वेग कधी झेपलाच नव्हता. ती आपली रमतगमत तापायची आणि म्हणून कोळशाचा धूर हळू निघून कवचं शाबूत राहायची. हे पाच वर्षांत कोणीच तपासून पाहिलं नव्हतं, कारण कागदावरचे आकडे भट्टीकडे मागितलेले होते, मोजलेले नव्हते.

त्या आठवड्यात अद्वयनं नवी भट्टी म्हातारीच्या चालीनं तापवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सौम्याच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला आणि एक बोटभर बाटली ठेवून निघून गेला. आकडा अठ्ठावीस होता. काचेवर, हिऱ्याच्या टोकानं कोरलेला, आणि त्याच्या वर सौम्याचं नाव. समितीचा अहवाल त्याच दिवशी आला. तिच्यावर ठपका नव्हता.

सुतक फिटल्यावर बालाजीराव कामावर आले. डोकं भादरलेलं, चेहरा ओढलेला. आल्या आल्या ते जुन्या भट्टीपाशी गेले. तिच्यावरचे पट्टे सौम्यानं खरवडू दिले नव्हते.

"हे कोण लावलं?" ते म्हणाले. "लहान पोरानं लावल्यासारखं आहे."

"मी लावलं, बालाजीराव," विजयेंद्र सर म्हणाले.

बालाजीराव त्यांच्या कपाळावरच्या उभ्या रेघेकडे बघत राहिले. मग त्यांना काय ते उमगलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "सार, तुम्ही? माझ्यासाठी?"

सरांनी नुसती मान हलवली.

"परवाइल्लै सार, काही हरकत नाही," बालाजीरावांनी नाक ओढलं आणि खिशातून फडकं काढून नळाखाली धरलं. "आता हे पुसून मी नीट लावतो."

आम्ही सगळे एकदम ओरडलो.